आंदणाचा मदरबोर्ड

दिव्यानी रामटेकेनं केलेली यादी सात ओळींची होती आणि तिला दीड महिना लागला होता. सात ओळींना दीड महिना कशाला लागतो, असं तिच्या आईनं, आशाबाईंनी, दिवसाआड विचारून झालं होतं. लागतो. कॉम्प्युटर म्हणजे दुकानात जायचं, पैसे टाकायचे आणि खोकं ऑटोत घालून आणायचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आशाबाईंशी तर तो कधीच नव्हता.

ब्रह्मपुरीत सिव्हिलचा डिप्लोमा करून दिव्यानी दोन वर्षं घरी होती. घरी होती म्हणजे रिकामी नव्हती. धान रोवायला गेली, झेरॉक्सच्या दुकानात बसली, चौथीच्या पोरांना पाढे शिकवले. फक्त जे शिकली होती तेवढंच करायला मिळत नव्हतं. मग नागपूरच्या माधवी मॅडमची जाहिरात दिसली. मॅडम लोकांच्या घरांचे नकाशे काढून देत आणि त्यांना घरून काम करणारी एक मुलगी हवी होती. दिव्यानीनं कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर दोन नकाशे काढून पाठवले. मॅडमना ते पसंत पडले.

"मशीन तुझं स्वतःचं हवं आणि घरी नेट हवं," मॅडमनी फोनवर सांगितलं. "सोमवारी, चार मेला, सकाळी नऊला तू कामावर दिसलीस तर काम तुझं. नाहीतर माझ्याकडे अजून तिघी आहेत. आणि एक आधीच सांगते. नेट गेलं, नेट नाही, हे रडगाणं मी ऐकत नाही. गेल्या वर्षी दोन मुली त्याच्यापायीच सोडल्या मी."

नेटचं काम दिव्यानीनं त्याच आठवड्यात उरकून टाकलं. शेजारच्या किराणा दुकानापर्यंत आलेली वायर घरात ओढून घेतली, आणि नेट असं पळायला लागलं की आशाबाई ताक घुसळता घुसळता नातवाशी व्हिडिओवर बोलू लागल्या. राहिलं मशीन.

नकाशांचं सॉफ्टवेअर पेलणारं तयार मशीन साठ हजारांच्या घरात जात होतं. सुटे भाग घेऊन घरी जोडलं तर छत्तीसमध्ये भागत होतं. अट एवढीच, की भाग एकमेकांना चालले पाहिजेत. दिव्यानीनं मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून वही भरली. प्रोसेसर, म्हणजे मशीनचं डोकं, कोणत्याही मदरबोर्डवर बसत नाही. ज्या बोर्डाची बैठक त्याच्यासाठी घडवलेली असते त्यावरच बसतो. रॅमच्या पट्टीला एक खाच असते आणि एका पिढीची खाच दुसऱ्या पिढीच्या फटीत जात नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड परवडणारं नव्हतं, म्हणून चित्र दाखवायची सोय पोटातच असलेला प्रोसेसर तिनं शोधला. तो मागच्या पिढीचा होता, पण दणकट. मग त्याला चालणारा मागच्याच पिढीचा बोर्ड. त्या बोर्डाला चालणारी रॅम. त्या सगळ्यांना पुरेल एवढा पॉवर सप्लाय. एक ओळ बदलली की खालच्या तीन खोडाव्या लागत. रामटेक्यांच्या घरात छप्पन सालापासून कोणी पत्रिका पाहिली नव्हती, आणि इथे पोरगी दीड महिना गुण जुळवत बसली होती. सातही ओळी जुळल्या त्या दिवशी तिनं खाली लाल पेनानं लिहिलं: 'यातलं काहीही बदलू नये. भारीतलंसुद्धा घेऊ नये.'

आता छत्तीस हजार. ते नव्हते. तिचे वडील वामनराव राईस मिलमध्ये चौकीदार होते आणि त्यांचा पगार सात तारखेला येऊन दहा तारखेला संपत असे. पण वामनरावांना कधी कधी डोकं चालवायची हुक्की येई, आणि त्या दिवशी ती आली.

"तुया लग्नात सारे आंदण देतीनच ना?" ते म्हणाले. "मंग आताच देऊ द्या. एकेकानं एकेक वस्तू उचलायची. लग्नात मंग काई मागाचं नाई."

ही कल्पना वाईट नव्हती. त्या भागात आंदणाची रीतच तशी आहे. घरचे यादी करतात, मामा कपाट उचलतो, काका पलंग, आत्या धानाची कोठी, मावशी पातेल्यांचा संच. प्रत्येक जण वस्तूवर आपलं नाव टाकून घेतो आणि मांडवात सगळं ओळीनं मांडलं जातं, म्हणजे कोणी काय दिलं ते येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं. भांडी लोक पुढं विसरतात, पण नावं वाचतात. दिव्यानीला मात्र एवढंच दिसलं, की सात ओळींना सात धनी मिळाले नाहीत तरी चार मिळतील. ती खुशीत क्लासला गेली, आणि तिच्या मागे वामनरावांनी फोन लावायला घेतले.

प्रोसेसर आशाबाईंच्या भावानं, लटारूमामानं घेतला. पेटी, म्हणजे कॅबिनेट, आशाबाईंच्या बहिणीनं, रीतामावशीनं घेतली. रॅम आणि डिस्क दिव्यानीचा थोरला भाऊ संघपाल बुटीबोरीहून पाठवणार होता. पडदा, म्हणजे मॉनिटर, आणि पॉवर सप्लाय वामनरावांनी स्वतःवर घेतला आणि त्यासाठी मिलच्या मालकाकडून आगाऊ पगार उचलला. मदरबोर्ड राहिला होता तो वामनरावांच्या थोरल्या बहिणीनं, अहेरीच्या रुखमाआत्यानं मागून घेतला. मागून घेतला, कारण आशाबाईंच्या माहेरचे दोघे देणार आणि वामनरावांकडून कोणीच नाही, हे आत्याला सोसण्यासारखं नव्हतं.

वामनरावांनी सगळ्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवली. लाल पेनाची तेवढी वाचली नाही. देणाऱ्याला कोणी असं सांगतं का, हेच घे आणि तेच घे म्हणून? उलट त्यांनी प्रत्येकाला आपलेपणानं म्हटलं, "यादीतलं हे कमीत कमी हाये बाप्पा. त्याहून भारी द्याचं असन तं कोणी हात नाई धरत." आंदणाची यादी वाचायची रीतच ती. त्यांच्या बापानंही ती अशीच वाचली असती.

शनिवारी, दोन मेला, दुपारी सगळे जमले. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा नाली सोडत नव्हती. कूलरसमोर सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर वस्तू मांडल्या होत्या. संघपालचं कुरिअर आधीच आलं होतं. मामाचा प्रोसेसर यादीबरहुकूम होता, कारण मामा कंजूस होता. त्या दुपारी दिव्यानीला जगातल्या सगळ्या कंजुसांबद्दल आदर वाटला. मावशीनं साध्या पत्र्याच्या पेटीऐवजी एका बाजूनं आरपार काच असलेली, रंगीत दिव्यांच्या तीन पंख्यांची पेटी आणली होती. ते चालण्यासारखं होतं. पेटीला जास्त काही कळावं लागत नाही.

मग आत्यानं मांडीवरचं खोकं पुढं केलं. दोन गाड्या बदलून अहेरीहून आली तरी तिनं ते खाली ठेवलं नव्हतं. रुखमाआत्या म्हणजे अंगणवाडीत एकतीस वर्षं पोरांना वळण लावलेली बाई. तिच्यासमोर मोठी माणसंही सरळ बसत.

"चंद्रपूरले गेलती मी," ती सांगू लागली. "दुकानवाल्यानं विचारलं, बाई, प्रोसेसर कोणता हाये? मी म्हटलं, तो पोरीचा मामा देऊन राह्यला, त्याचं तो पाहीन. तू मले बोर्ड दाखव. त्यानं दोन दाखवले. यादीतला सहा हजाराचा. म्हणे, हा आता जुना झाला. अन् हा नवीन पिढीचा, साडेदहाचा. मी म्हटलं, मायी भाची जुन्यावर काम करन का?"

हा बोर्ड मामाच्या प्रोसेसरला चालणार नाही, हे दिव्यानीला तिथेच कळलं. तरी तिला वाटलं, खोकं बंद असेल तर दुकानदार बदलून देईल. तिनं हात पुढं केला, पण आत्यानं स्वतःच झाकण उघडलं. सील कधीच तुटलं होतं. बोर्डाच्या कडेला उष्णता झेलायला चकचकीत धातूची पट्टी असते, हाताएवढी. तिच्यावर, भांड्यांवर नावं टाकतात त्या मशीननं, सुबक अक्षरांत, आत्याच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव घालून कोरलं होतं: 'कालकथित गुणवंतराव मेश्राम यांचे स्मरणार्थ, रुखमाबाईकडून चि. दिव्यानीस.'

"अहेरीच्या भांडेवाल्यानं टाकून दिलं," आत्या म्हणाली. "घाबरत होता बिचारा. म्हणे, आत करंट गिरंट असन. मी उभीच राह्यलो मंग तिथं. यंदा त्याइच्या पुण्यानुमोदनाचं जेवण नाई केलं मी. जेवण एका दिवसात पचून जाते. हे राहीन."

मावशीनं पदर डोळ्यांना लावला. मामा आपल्या चिमुकल्या खोक्याकडे पाहत राहिला. त्याच्यावर नाव टाकायला जागाच नव्हती. आत्या म्हणाली, "मशीन म्हणजे बोर्डच ना पोरी? बाकी सारं त्याच्यावरच बसते म्हणे." दिव्यानीनं मान हलवली. बसत काहीच नव्हतं.

अर्ध्या तासानं पाणी भरायच्या निमित्तानं तिनं वडिलांना मागच्या अंगणात ओढलं आणि सांगितलं. बोर्ड एका पिढीचा, प्रोसेसर आणि रॅम दुसऱ्या पिढीची. डोकं बैठकीत बसणार नाही आणि रॅमची पट्टी फटीत जाणार नाही. वामनराव ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. लाल ओळ वाचायची राहिली, हेही त्यांनी तिथेच कबूल केलं.

"घासून गिसून नाई बसत का?" त्यांनी विचारलं.

"नाई बसत बाबा."

"मंग प्रोसेसर अन् रॅम बदलू."

"नव्या बोर्डाचा प्रोसेसर, रॅम घ्यायची तं अजून पंधरा हजार लागतीन. बोर्ड बदलला तं सहात भागते. आत्याले सांगू आपण. मी सांगतो."

"नाई." वामनरावांनी तिचा हात धरला. चौकीदारी करून करून त्यांचा आवाज मोठा झाला होता, पण आता तो कुजबुजण्याएवढाच निघत होता. "तिले नको सांगू, दिव्या. मी हात जोडतो."

ते का, हे दिव्यानीला माहीत होतं. त्या घरात ते सगळ्यांनाच माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. सात वर्षांपूर्वी संघपालच्या लग्नात आत्यानं धानाची स्टीलची कोठी दिली होती, नवराबायकोचं नाव कोरून. नव्या सुनेला मिक्सर हवा होता. कोठी वजनावर देऊन मिक्सर आणला गेला. पुढच्या उन्हाळ्यात आत्या आली, पाणी प्यायली, कोठी कुठं आहे विचारलं, आणि पेला खाली ठेवून निघून गेली. चार वर्षं बोलणं नव्हतं. त्या चार वर्षांतच गुणवंतराव गेले. वामनरावांना ती बातमी तिसऱ्या दिवशी बसच्या कंडक्टरकडून कळली. ते अहेरीला पोचले तेव्हा बहीण दारातच बसलेली होती आणि तिनं विचारलं होतं, "काऊन आला?" त्यानंतर दोन वर्षं वामनरावांनी दर महिन्याला जाऊन जाऊन हे नातं पुन्हा बांधलं होतं.

"आता नवऱ्याचं नाव घेऊन आली ती," वामनराव म्हणाले. "तेही परत म्हणू का मी? कोणत्या तोंडानं?"

मागच्या दारातून ऐकणाऱ्या आशाबाईंनी तोड काढली, ती वाईट नव्हती. "तिले कायले सांगाचं? दुसरा बोर्ड आणा अन् गुपचूप लावा. आतमंदी कोण पाहते?"

"काच हाये आई," दिव्यानी म्हणाली.

रीतामावशीनं यादीतली साधी पत्र्याची पेटी आणली असती, तर त्या दुपारी तिघांचीही सुटका झाली असती. पण मावशीलाही यादी तशीच वाचून दाखवली होती.

रविवारी सकाळी मशीन चालू करायचा कार्यक्रम ठरला होता. दिव्यानी पहाटेपासून दार लावून बसली. काय करायचं ते तिला कळत नव्हतं असं नाही. जे करायचं होतं ते करायची लाज वाटत होती. तिनं आत्याचा बोर्ड काचेच्या पेटीत स्क्रूनं पक्का बसवला, नाव वाचता येईल असा. प्रोसेसरचा पंखा रिकाम्या बैठकीवर ठेवला. तो अडकेना, तेव्हा काळ्या दोऱ्यानं बांधला. रॅमची पट्टी फटीला टेकवून उभी केली. प्रोसेसर त्याच्या डबीतच राहू दिला आणि डबी आपल्या कपड्यांच्या पेटीत तळाला घातली. पॉवर सप्लायच्या जाड वायरीत हिरव्या आणि काळ्या तारेला एका तुकड्यानं जोडलं की तो बोर्डाशिवायही चालू होतो, हे तिनं व्हिडिओतच पाहिलं होतं. पेटीचे पंखे तिनं थेट त्यालाच जोडले. ज्या दीड महिन्यात ती नीट जोडायला शिकली, त्याच दीड महिन्यानं तिला हे खोटं जोडायलाही शिकवलं होतं.

सगळे जमले. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लागली. आत्यानं खणखणीत आवाजात त्रिसरण आणि पंचशील म्हटलं, मागून सगळ्यांनी. खोटं न बोलण्याचं चौथं शील दिव्यानीच्या तोंडून निघून दोन मिनिटं झाली नसतील, तेव्हा आत्यानं मागचं बटण दाबलं. तिन्ही पंखे फिरले, निळे-लाल दिवे लागले आणि त्या उजेडात गुणवंतरावांचं नाव लखलखलं. मामानं सुद्धा टाळ्या वाजवल्या.

"माया प्रोसेसर कुठी हाये?" त्यानं वाकून विचारलं.

"पंख्याखाली असते तो मामा. दिसत नाई."

"अन् पडदा काऊन काळा हाये?"

"तो उद्या नागपूरवरून सुरू होईन. नऊ वाजता."

हे वाक्य तिच्या तोंडून इतक्या सहज निघालं की तिचीच तिला भीती वाटली. वामनराव भिंतीकडे पाहत होते. आत्यानं काचेवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दिव्यानीला वाटलं, इथल्या इथे जमीन फाटावी. ब्रह्मपुरीची जमीन मे महिन्यात फाटलेलीच असते, पण तेवढी नाही.

दुपारी मामा आणि मावशी आपापल्या गाडीनं गेले. आत्या राहिली. "उद्या नऊ वाजता पोरीले कामावर बसलेली पाह्यतो अन् दहाच्या गाडीनं गडचिरोली धरतो," तिनं जाहीर केलं. वामनरावांनी "बाई, ऊन फार हाये, सकाळच्या थंडाव्यातच निघाली असती तं" एवढं म्हणून पाहिलं. त्यावर आत्यानं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी आठला दिव्यानीच्या फोनवर अजयचा फोन आला. अजय तिच्याबरोबर डिप्लोमाला होता आणि आता नागपुरात मशीन दुरुस्त करत होता. शनिवारपासून ती त्याला मेसेज करत होती. त्यानं जुन्या पिढीचा एक बोर्ड मिळवला होता, वापरलेला पण चांगला. पैसे पहिल्या पगारावर दिले तरी चालणार होते. "उद्या सकाळच्या गाडीत ड्रायव्हरजवळ देतो," तो म्हणाला. दिव्यानीनं झटकन हिशेब मांडला. आत्या दहाला जाणार. उद्या दुपारी बोर्ड येणार. काचेची पेटी जशी आहे तशी टेबलावर राहील, खरा बोर्ड टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडायचा. संध्याकाळपर्यंत मशीन चालू. फक्त मॅडमकडून दोन दिवस मागायचे होते. दोन दिवसांत तीन दिवसांची रड संपणार होती.

ती फोन घेऊन बाहेर निघाली तर आत्यानं हाक मारली. आत्या आंघोळ करून, पांढरंशुभ्र लुगडं नेसून मशीनशेजारी खुर्ची टाकून बसली होती. "आता कुठी चालली? पहिला दिवस हाये. नऊ वाजेपर्यंत जागेवरून हलू नको." मागच्या दारानं जावं तर आत्या म्हणाली, "बस म्हटलं ना." दिव्यानी बसली. टेबलाखाली फोन धरून ती मेसेज लिहू लागली. 'मॅडम, मशीनमध्ये थोडी अडचण आली आहे, बुधवारपर्यंत' इथपर्यंत आली तोच फोन थरथरला. मॅडमच होत्या. नऊला पाच मिनिटं कमी होती.

"साहेबीन का?" आत्या खूश झाली. "स्पीकरवर टाक. मले बी ऐकू दे कशी बोलते."

दिव्यानीनं टाकला. न टाकायला कारण काय सांगणार होती?

"दिव्यानी, गुड मॉर्निंग. तू अजून दिसत नाहीयेस इकडे," मॅडमचा आवाज खोलीभर झाला. "सगळं ठीक आहे ना?"

"हो मॅडम. म्हणजे..."

"मशीनची काही अडचण असेल तर तसं सांग. नवीन जोडलेल्या मशीनला होतं असं. तुझे नकाशे मला आवडलेत, दोन दिवस थांबेन मी. बोर्डचा वगैरे प्रॉब्लेम आहे का?"

बोर्ड हा शब्द आत्याला कळत होता. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळे दिव्यानीवर येऊन थांबले. दारात वामनराव उभे होते आणि त्यांनी दोन्ही हात छातीशी जोडले होते. 'हो मॅडम' एवढे दोन शब्द पुरेसे होते. ते तिच्या ओठांपर्यंत आले. पण तिला दारात बसलेली आत्या दिसली, अहेरीच्या घराच्या दारात, काऊन आला म्हणणारी, आणि त्या दारात उभे असलेले बाबा.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मशीन एकदम चांगलं आहे. नेट... नेट लागून नाई राह्यलं."

"अगं, मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं. "मशीनचं असतं तर थांबले असते मी. घरात नेटच नसेल तर दोन दिवसांनी तरी कुठून येणार? पुढची मुलगी नऊला तयार बसलीय. तिला देते हे काम. तू मनाला लावून घेऊ नकोस."

फोन बंद झाला. पेटीचे पंखे घूं घूं फिरत होते. आशाबाई चुलीकडून उठून आल्या होत्या आणि हातातली कणीक तशीच होती. वामनरावांनी जोडलेले हात खाली केले. त्यांना रडू आलं होतं, पण बहिणीसमोर त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

आत्यानं लुगड्याच्या घोळात खोचलेलं छोटं पाकीट काढलं. त्यात परतीच्या भाड्याच्या नोटा होत्या. त्यातली पाचशेची तिनं वेगळी केली आणि दिव्यानीच्या हातात कोंबली.

"येडी, एवढ्याशा नेटसाठी काम जाऊ दिलं? आमाले सांगाचं नाई का?" ती म्हणाली. "घे. नेट मायाकडून. आजच्या आज लावून घे अन् साहेबिणीले पुन्हा फोन लाव. तुया मामाले मात्र सांगू नको, नाईतर तो म्हणन मी बी देतो."

दिव्यानीला आत्याचा राग यायला हवा होता. तिनं मनात तो शोधूनही पाहिला. तो कुठेच नव्हता. समोर किराणा दुकानातून आलेल्या वायरच्या डबीवरचा दिवा हिरवा लुकलुकत होता. तिनं दोन्ही हातांनी ती नोट घेतली.

"हाव आत्या," ती म्हणाली, "आजच लावून घेतो."